सागरी बेटे आणि घाटमाथ्याचा मुलूख
सिंधुदुर्ग व करवीर राज्य यांच्या इतिहासावरून एक अभ्यास

कोल्हापूर शहर सह्याद्रीच्या पूर्वेस, पंचगंगेच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसले आहे. कोल्हापूर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. जिल्ह्यातील विद्यार्थी बेट म्हणजे काय हे अंदमान आणि लक्षद्वीप यांच्या नकाशांवरून शिकतात. तथापि, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अरबी समुद्रातील एक तटबंद बेट करवीर राज्याच्या मालकीचे होते आणि त्याच्या आश्रयाने राज्याचे आरमार वावरत होते, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानात असते. ते बेट म्हणजे मालवणजवळील सिंधुदुर्ग. १८१२ मध्ये ते हातचे गेले आणि करवीर राज्याचा समुद्राशी असलेला राजकीय संबंध संपुष्टात आला.

हे बेट कसे उभे राहिले, कसे टिकले आणि कसे गेले याचा मागोवा घेतला असता एक महत्त्वाचा निष्कर्ष हाती येतो. चहूबाजूंनी पाणी असले तरी बेट एकटे नसते. त्याचे बळ आणि त्याचे दौर्बल्य ही दोन्ही पाठीमागच्या मुलखावर अवलंबून असतात. हा निष्कर्ष इतिहासाला लागू आहे, तसाच तो आजच्या बेटांच्या जतनालाही लागू आहे.

भारताची बेटे : तीन प्रकार

घडणीच्या दृष्टीने भारताच्या सागरी बेटांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार बंगालच्या उपसागरातील अंदमान-निकोबारचा. ही बेटे म्हणजे समुद्रात बुडालेल्या एका लांबच लांब पर्वतरांगेची पाण्यावर आलेली शिखरे होत. ब्रह्मदेशातील आराकान पर्वताचीच ही दक्षिणेकडील परंपरा आहे. या समूहाचे क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर असून भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी येथील बॅरन बेटावर आहे. हा प्रदेश भूकंपप्रवण आहे. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात निकोबारचे दक्षिण टोक, म्हणजे इंदिरा पॉइंट, चार मीटरहून अधिक खचले आणि तेथील दीपगृहाचा पायथा पाण्यात गेला.

दुसरा प्रकार अरबी समुद्रातील लक्षद्वीपचा. ही प्रवाळबेटे आहेत. सूक्ष्म सागरी जीवांच्या चुनखडीयुक्त सांगाड्यांचे थर साचून ती तयार झाली. त्यांचे एकूण क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर असून कायम वस्ती दहा बेटांवर आहे. यांची उंची समुद्रापासून काही मीटरच असल्याने लाटांनी होणारी झीज हा त्यांच्या अस्तित्वाचाच प्रश्न ठरतो. बंगारम समूहातील पाराली-१ हे निर्जन बेट पूर्णपणे झिजून गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवून देण्यात आले.

तिसरा प्रकार मुख्य भूमीला लागून असलेल्या बेटांचा. महाराष्ट्राची बेटे याच प्रकारात मोडतात. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. कोकणची किनारपट्टी तेव्हा पश्चिमेकडे बरीच दूरवर पसरलेली होती. पुढे बर्फ वितळले, समुद्र चढत गेला, सखल भाग पाण्याखाली गेला आणि त्यातील टेकड्या व कठीण खडकांचे माथे तेवढे बेटांच्या रूपाने शिल्लक राहिले. उत्तर व मध्य कोकणात हा खडक मुख्यतः काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट आहे. मालवणच्या परिसरात त्याहून कितीतरी प्राचीन खडक आढळतात. महाराष्ट्राची बेटे ही अशा रीतीने किनाऱ्याच्या भूमीचेच तुटलेले अवयव आहेत.

भरती, ओहोटी आणि गोडे पाणी

किनाऱ्यालगतच्या बेटांच्या इतिहासाची किल्ली दोन गोष्टींत आहे. त्यांतील पहिली भरती-ओहोटी. मुंबईजवळ उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांच्या पातळीतील फरक चार मीटरहून अधिक असतो. दक्षिणेकडे तो कमी होत जातो. अलिबागचा कुलाबा किल्ला भरतीच्या वेळी बेट असतो आणि ओहोटीच्या वेळी तेथे पायी जाता येते. मालवणच्या किनाऱ्यालगत पाण्याखाली दडलेले असंख्य खडक आहेत. त्यांमधील वाटा जाणणाऱ्या स्थानिक तांडेलाला जे बंदर सुरक्षित, तेच परक्या जहाजाला घातक ठरत असे.

दुसरी गोष्ट गोड्या पाण्याची. खाऱ्या पाण्यापेक्षा गोडे पाणी किंचित हलके असते. वाळूच्या वा प्रवाळाच्या सच्छिद्र बेटावर पावसाचे पाणी मुरले म्हणजे ते खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडे पाणी साठले, तर पातळीखाली तत्त्वतः चाळीस मीटरपर्यंत गोड्या पाण्याचा थर टिकू शकतो. उपसा वाढून वरची पातळी थोडी जरी खाली आली, तरी खालून खारे पाणी त्याच्या कित्येक पटींनी वर चढते. कातळाच्या बेटावर पाणी भेगांतून साठते. त्यामुळे त्याचा साठा मर्यादित आणि विहिरीची जागा महत्त्वाची ठरते. ज्या बेटावर गोडे पाणी आहे, तेथेच शिबंदी राहू शकते. दुर्ग बांधण्यापूर्वी पाण्याचा शोध घेण्याची पद्धत होती, ती यामुळेच.

बेटावरील सत्ता आणि किनाऱ्यावरील मुलूख

कोकणच्या इतिहासातील काही प्रसंग या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहेत. १६७९ च्या पावसाळ्यात छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी याने थळच्या समोरील खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईच्या तोंडावरच हा किल्ला उभा राहणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. त्यांनी आपली जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. दौलतखानाच्या हाताखालील मराठी होड्या आकाराने लहान आणि तळाने उथळ होत्या. किनाऱ्यावरून दाणागोटा व बांधकामाचे सामान घेऊन त्या रात्रीच्या अंधारात बेटावर पोहोचत. मोठ्या जहाजांना त्यांचा पाठलाग उथळ पाण्यात करता येईना. अखेर १६८० मध्ये इंग्रजांना माघार घ्यावी लागली. समोरचा किनारा मराठ्यांचा होता, म्हणून खांदेरी टिकली.

मुरुडजवळील जंजिऱ्याचे उदाहरण वरवर पाहता याच्या उलट वाटते. समोरचा बराचसा मुलूख मराठ्यांचा असूनही सिद्दीचा हा किल्ला त्यांना घेता आला नाही. शिवाजी महाराजांनी त्यावर वचक ठेवण्यासाठी जवळच्याच कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून जंजिऱ्यापर्यंत समुद्रात दगडांचा भराव टाकून वाट करण्याचा प्रयत्न केला. परंतु मोगलांची फौज कोकणात उतरल्याने त्यांना ते काम सोडून परतावे लागले. जंजिऱ्यावर गोड्या पाण्याचे तलाव होते आणि सिद्दीच्या पाठीशी मोगल बादशाहीचे द्रव्यबळ होते. त्याचा मुलूख समुद्रमार्गाने सुरतेपर्यंत पोहोचत होता, असे म्हणता येईल. पाठबळ जवळचे असो वा दूरचे, त्यावाचून बेट टिकत नाही हेच यावरून दिसते.

मुंबईची कथाही वेगळी नाही. सात बेटांचा हा समूह १६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आणि १६६८ मध्ये वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. पुढे दीडशे वर्षे या बेटांचा व्यापार घाटाच्या भिंतीने अडलेलाच होता. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी वर चढली आणि दख्खनचा माल थेट बंदरात येऊ लागला. मुंबईच्या वैभवाचा मोठा वाटा घाट ओलांडून आलेला आहे.

कुरटे बेटावरील दुर्ग

मालवणच्या समोर, किनाऱ्यापासून जवळच असलेल्या कुरटे नावाच्या कातळी बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. या कामाशी हिरोजी इंदुलकर यांचे नाव निगडित आहे. बेटाचे क्षेत्र सुमारे ४८ एकर आहे. बेटाच्या कडेकडेने, खडकाच्या वळणाप्रमाणे वळत गेलेला तट सुमारे तीन किलोमीटर लांबीचा आहे. त्याच्या पायाचे दगड बसविताना शिशाचा उपयोग केला होता. महाद्वार दोन बुरुजांच्या वळणात अशा खुबीने दडविले आहे की, समुद्रातून येणाऱ्याला ते चटकन दिसत नाही. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी किल्ल्यात आहेत. चोहोकडे खारा समुद्र असताना या विहिरींनी शिबंदीला शतकानुशतके पाणी पुरविले. पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट हे लहान दुर्ग मालवण बंदराच्या रक्षणासाठी होते.

किल्ल्यातील शिवराजेश्वराचे मंदिर राजाराम महाराजांच्या कारकीर्दीतील मानले जाते. त्याचा सभामंडप राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधविला. सिंधुदुर्ग ब्रिटिश अमलाखाली जाऊन तेव्हा जवळजवळ शंभर वर्षे लोटली होती. राजकीय ताबा गेल्यानंतरही करवीर आणि हे बेट यांच्यातील भावबंध तुटलेला नव्हता, याची ही खूण होय.

करवीरची आरमारी परंपरा

महाराणी ताराबाईंनी पन्हाळ्यावरून राज्यकारभार चालविला आणि १७१० च्या सुमारास करवीरची स्वतंत्र गादी अस्तित्वात आली. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन राज्यांच्या सीमा निश्चित झाल्या. दक्षिण कोकणातील सिंधुदुर्ग व त्याच्या परिसरातील बंदर करवीरकडे राहिले.

याच राज्यात, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' सिद्ध झाले. अमात्यांची जहागीर बावड्याची. गगनबावड्याच्या घाटाखाली उतरले की कोकण लागते. आज्ञापत्रात दुर्गांइतकेच आरमारालाही महत्त्व दिले असून ते राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. परकीय टोपीकर व्यापाऱ्यांना समुद्रकाठी वा खाडीच्या मुखाशी जागा देऊ नये, असा सावधगिरीचा इशारा त्यात आहे. आरमारासाठी लाकूड लागते म्हणून रयतेच्या आंब्या-फणसाच्या झाडांना हात लावू नये, आणि एखादे झाड घ्यावयाचेच झाले तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असेही त्यात बजावले आहे. समुद्रावरील सत्ता जमिनीवरील रयतेच्या संतोषावर उभी असते, ही जाणीव या सूचनेमागे दिसते.

पुढील काळात मात्र ही दृष्टी सर्वत्र राहिली नाही. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने हर्णैजवळील सुवर्णदुर्ग घेतला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांच्या आरमाराने विजयदुर्ग बंदरातील तुळाजी आंग्रे यांची जहाजे जाळून टाकली. या मोहिमांत पेशव्यांचे सरकार इंग्रजांच्या बाजूने होते. घाटावरच्या सत्तेनेच पाठ फिरविल्यावर किनाऱ्यावरचे आरमार उघडे पडले.

यानंतर इंग्रजांची दृष्टी मालवणकडे वळली. समुद्रावर परवान्याशिवाय फिरणारी जहाजे पकडण्याची तत्कालीन पद्धत मालवणचे दर्यावर्दीही पाळीत असत. पोर्तुगीज व इंग्रज आपापल्या परवान्यांची सक्ती करीत. तेच काम मराठी गुराबांनी केले की त्याला चाचेगिरी म्हणत. १७६५ मध्ये मेजर गॉर्डन व कॅप्टन वॉटसन यांच्या हाताखाली मुंबईहून आलेल्या मोहिमेने सिंधुदुर्ग जिंकला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. हा वॉटसन विजयदुर्गावर चालून गेलेल्या ॲडमिरल वॉटसनहून वेगळा होय. पण समुद्रातील या किल्ल्याचा खर्च भागविण्याजोगे उत्पन्न त्यांच्या हाती आले नाही. अखेर १७६६ मध्ये तह होऊन, खर्चाच्या भरपाईच्या अटीवर, किल्ला करवीरला परत मिळाला. त्या वेळी जिजाबाई राणीसाहेब राज्याचा कारभार पाहत होत्या. बेट तोफांनी जिंकता आले, तरी मुलखावाचून राखता आले नाही.

शेजारच्या सत्तांशी सतत चाललेल्या झगड्यांमुळे यानंतरच्या काळात करवीरचे बळ खर्ची पडत गेले. अखेर १ ऑक्टोबर १८१२ रोजी झालेल्या तहान्वये मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट व सर्जेकोट हे दुर्ग कंपनी सरकारला द्यावे लागले. चिकोडी व मनोळी या तालुक्यांवरील हक्कही सोडावा लागला. त्या बदल्यात उरलेल्या राज्याच्या संरक्षणाची हमी मिळाली. या वेळी निर्णय तहाच्या कलमांनी झाला. घाटमाथ्यावरील राज्य दुबळे झाल्यामुळे त्याचे सागरी अंग गळून पडले.

आजची बेटे, आजचे पाठबळ

शत्रूच्या जहाजांचे भय आता उरले नाही. परंतु बेटांचे परावलंबित्व कायम आहे. उरण तालुक्यातील घारापुरी येथील लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. मुंबईचे दिवे जेथून दिसतात, त्या बेटावरील राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या वस्त्यांना मात्र कायमस्वरूपी वीज फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्रतळातून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटर लांबीच्या केबलमधून मिळाली. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी पोहोचलेला तो प्रकाश किनाऱ्यावरूनच आला.

१९८७ मध्येच मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून पद्मगडाचा परिसर त्याच्या गाभ्यात येतो. येथील खडकांवर प्रवाळ आढळतात. मच्छीमारांना आपल्या उपजीविकेची चिंता वाटल्याने अभयारण्यास त्यांचा विरोध झाला. आज्ञापत्रातील झाडांविषयीची सूचना येथे आठवल्यावाचून राहत नाही. ज्यांचे पोट समुद्रावर आहे त्यांना राजी केल्याविना समुद्राचे रक्षण होत नाही. वेंगुर्ल्याच्या समोरील खडकाळ बेटांवर पाकोळ्या गुहांत घरटी करतात. लाळेपासून बनलेल्या या घरट्यांना परदेशी बाजारात मोल असल्याने त्यांची चोरटी तोड होत असे. तेथेही रक्षणाचे काम किनाऱ्यावरील माणसांच्या जागरूकतेवरच अवलंबून आहे.

घाटमाथ्याचा संबंध तर याहूनही निकटचा आहे. गगनबावड्याच्या परिसरात पडणारा पाऊस दोन दिशांना वाहतो. पूर्वेकडचे पाणी कुंभीतून पंचगंगेला, तेथून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेकडचे पाणी अवघ्या काही तासांत कोकणच्या खाड्यांत पोहोचते. पश्चिम उतारावरील जंगल विरळ झाले की मातीने गढुळलेले पाणी खाडीत व समुद्रात उतरते. प्रवाळाला स्वच्छ, सूर्यप्रकाश पोहोचणारे पाणी लागते; गाळाचा थर बसला की तो गुदमरतो. सह्याद्रीच्या माथ्यावर झाड तोडणाऱ्याची कुऱ्हाड अशा रीतीने समुद्रतळापर्यंत पोहोचते.

पंचायती व शाळांचे कार्य

जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. त्यांत कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा आहे, तसेच खांदेरी, सुवर्णदुर्ग व सिंधुदुर्ग ही सागरी बेटेही आहेत. डोंगर, घाट, किनारा व बेट या सर्वांची मिळून एक व्यवस्था होती, ही गोष्ट त्यामुळे जगाच्या नजरेस आली आहे. या सन्मानाबरोबर पर्यटकांची संख्या वाढेल. ४८ एकरांच्या कातळावर किती माणसे, किती कचरा आणि विहिरींवर किती ताण सोसला जाईल, याचा हिशेब आधीच मांडणे अगत्याचे आहे. किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी होडीतून बेटावर गेलेली प्रत्येक टाकाऊ वस्तू होडीतूनच परत आणण्याची व्यवस्था करावी. घाटमाथ्यावरील ग्रामपंचायतींनी पश्चिम उताराच्या जंगलाकडे केवळ सरपणाचा साठा म्हणून न पाहता खाड्यांचे कवच म्हणून पाहावे.

शिक्षकांना या विषयात मोठा वाव आहे. कोल्हापूरच्या शाळांच्या सहली मालवणला जातातच. सहलीपूर्वी वर्गात पन्हाळ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत एक रेषा नकाशावर आखून तिचा उभा छेद विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. पठार, घाटाचा कडा, कोकणची सखल पट्टी, खाडी आणि शेवटी बेट, हा क्रम त्यांच्या डोळ्यांसमोर येईल. त्या रेषेवर पाऊस कोठे पडतो, पाणी कोणीकडे जाते आणि १८१२ पूर्वी राज्याची हद्द कोठपर्यंत होती, हे त्यांनीच दाखवावे. किल्ल्यावर पोहोचल्यावर तटावर नावे कोरण्यापेक्षा भरतीची खूण कोठवर आहे हे पाहावे आणि दूधबावीत डोकावून, समुद्राच्या मध्यभागी हे पाणी गोडे का राहते, याचे उत्तर शोधावे.

करवीर राज्याने १८१२ मध्ये जे बेट गमावले, ते स्वतंत्र भारतात सर्वांचे झाले. त्याचा ताबा आता कोणी हिरावून घेणार नाही. ते पुन्हा गमावले जाईल, तर ते पाठीमागच्या मुलखाच्या दुर्लक्षामुळेच. म्हणून सिंधुदुर्गाच्या तटाची राखण मालवणइतकीच गगनबावडा आणि कोल्हापूर यांनाही करावयाची आहे.